अध्यक्षांच्या घरातला धूर

कोहमाऱ्यापासून आठ किलोमीटर आत, जिथे डांबर संपतं, तिथे बिसराम सलामे यांचं घर आहे. जंगल कामगार सोसायटीचे ते बावीस वर्षं अध्यक्ष. पायउतार झाले तेव्हा सोसायटीची गाडी परत केली, गोंदियातला प्लॉट नाकारला आणि इथे मातीच्या दोन खोल्या बांधून नऊ वर्षं सुखानं राहिले. दारी आलेला माणूस उपाशी जाऊ नये, एवढा एकच नियम त्यांनी घराला घातला. तो पाळायचं काम मात्र शेजारीण धनवंताच्या गळ्यात टाकलं. अध्यक्षच ते!

ते गेल्यावर सोसायटीनं घर जसंच्या तसं जपायचं ठरवलं. चष्मा, कंदील, कुऱ्हाड, सगळं जागच्या जागी. राखणीला धनवंताच. तिला कोण आनंद झाला! लोक पाहायला येणार म्हणून चार दिवस खपून तिनं स्वयंपाकघराचं बांबूचं छत घासलं, काजळीचा कण ठेवला नाही. सचिव ओमेश्वर पटले यांनी चुलीपुढे दोरी बांधून पाटी लावली, ‘हात लावू नये’.

चार वर्षांत छतातून पिवळी भुकटी गळू लागली. धनवंता सकाळी झाडायची, संध्याकाळी पुन्हा तेवढीच. ओमेश्वरनं एक बांबू दाबून पाहिला, तर बोटच आत गेलं; किड्यानं तो आतून पोखरला होता.

“हे पाडून स्लॅबचं स्मारक बांधू,” तो म्हणाला. “उद्या कमिटी येऊन राहिली. ठराव करून टाकू.”

त्या संध्याकाळी धनवंताला घास गोड लागेना. आपल्या चुलीशी बसल्या बसल्या तिची नजर वर गेली. हे बांबू त्याच वर्षी, जंगलातल्या तोडीच्या त्याच कुपातून, अध्यक्षांच्या बांबूंसोबत एकाच बैलबंडीत आलेले. धुरानं काळेकुट्ट, पण टणक. तिनं कपाळावर हात मारून घेतला. बांबू किड्यानं खाल्ले खरे, पण ताट तिनंच वाढलं होतं!

दुसऱ्या दिवशी कमिटीला तिनं आधी आपल्याच घरात नेलं आणि ओमेश्वरच्या हाती काठी दिली.

“मारा जी त्या बांबूले.”

खणखणीत आवाज आला.

“दोन्ही घरचे बांबू एकाच बंडीतले. माह्या घरी रोज धूर, म्हणून किडा नाही; तिकडं चूल थंडी. अन् काजळी मीच घासून काढली. चूक माही हाये. घराले कायले सजा देता?”

“रोज चूल पेटवली तर त्याले स्मारक म्हणायचं का खानावळ?” ओमेश्वर वैतागला.

“अध्यक्ष इथं राहायचे तवा काय होतं?” कमिटीतल्या म्हाताऱ्या उदारामनं विचारलं. “खानावळच होती ना!”

ओमेश्वरसकट सगळे हसले. ठराव बदलला. किडके बांबू काढून नवे घातले, दोरी सुटली, आणि धनवंतानं चार वर्षांनी तिथे भात टाकला. धुरानं डोळे चुरचुरले, तरी तिला ते फार बरं वाटलं.

काम आटोपून ओमेश्वर चपला घालू लागला, तशी ती दारात आडवी उभी राहिली.

“काऊन जी, जेवल्याबिगर चालले? चार वर्षं लोकं हे घर पाहून उपाशीच गेले. भुकटीपेक्षा तेच लागत होतं मले.”

ओमेश्वरनं चपला काढल्या आणि चुलीपुढे मांडी घातली.