आत्ताच झाली चाय

द्रौपदीने कॉफीचं दुकान का काढलं, याची भटवाडीत जेवढी तोंडं तेवढी कारणं होती. कुणी म्हणे, औषधाच्या कारखान्याचं कँटीन बंद झालं, आता बाईला घरी बसवत नाही. कुणी म्हणे, तिथल्या मद्रासकडच्या आचाऱ्याने तिला कॉफी शिकवली आणि ती तिच्या डोक्यातच बसली. तिच्या नवऱ्याने, भीमराजने, तर कपाळावर हात मारला. तो बसडेपोत मेकॅनिक, सरळ विचार करणारा माणूस.

"अगं, हितं सगळी चहावाली माणसं. चहाचं दुकान टाक की. कॉफी कोण पितंय घाटकोपरात?"

"कुणी पीत नाही ना? म्हणूनच," द्रौपदी म्हणाली आणि पितळेचा फिल्टर चिंचेने घासायला बसली.

खरं कारण भिंतीपलीकडे राहत होतं. त्याचं नाव सुगंधा.

सुगंधा मालवणकडची. नवरा सहदेव गिरणीत होता. संपानंतर गिरणी काही सुरू झाली नाही, तेव्हा तो एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागला. द्रौपदी लग्न होऊन साताऱ्याकडून या चाळीत आली ती सुगंधाच्या शेजारच्या खोलीत, आणि तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलेलं. द्रौपदीला कळा सुरू झाल्या तेव्हा अनवाणी धावत जाऊन टॅक्सी आणली ती सुगंधाने. हॉस्पिटलात रात्रभर बाकावर बसली तीही सुगंधाच. कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, सार केलं की पहिलं भांडं द्रौपदीकडे. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, म्हणून द्रौपदी त्यात साखर घालून द्यायची. साखरच. एकदा तिने बेसनाचे लाडू घालून दिले होते. दुसऱ्या दिवशी ते गल्लीतल्या गाईपुढे दिसले. गाय मजेत खात होती, तिला काय त्याचं! तेव्हापासून साखर.

आणि चहा. द्रौपदीने चहा विचारला की सुगंधाचं उत्तर तयार असायचं. "नको गो, आत्ताच झाली चाय." दुपारी म्हणायची, संध्याकाळी म्हणायची. पहाटे दूधवाला यायच्या आधी, केस सुटलेले, डोळ्यांवर झोप, अशी दारात उभी राहूनही म्हणायची. भटवाडीत एवढा चहा पिणारी दुसरी बाई नसेल. तिची मुलं द्रौपदीच्या घरी पोटभर भाकरी खाऊन जायची आणि सुगंधा पाहून न पाहिल्यासारखं करायची. स्वतः मात्र पाण्याचा घोटही नाही. सासूने घालून दिलेलं वळण होतं, आणि सासू जाऊन जमाना झाला तरी ते गेलं नव्हतं.

द्रौपदीला कारण माहीत होतं. आपल्या घरातल्या बाबासाहेबांच्या फोटोखाली उकळलेला चहा भिंतीपलीकडे का जात नाही, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. पण तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सुगंधाला खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर खरं. दोन्हींतलं काही ऐकायची द्रौपदीची छाती नव्हती. बाई वाईट असती तर सोपं होतं, दार लावून घेता आलं असतं. ही तर जिवाला जीव देणारी.

मग कँटीन बंद झालं आणि एक दिवस भांडी घासता घासता तिला सुचलं. चहा आत्ताच झाला असं म्हणता येतं. कॉफी आत्ताच झाली असं इथे कोण म्हणेल? कुणाच्या घरात कॉफी आहे? एकदा विचारायचं, आणि पळवाटच ठेवायची नाही. असला विचार करून कुणी दुकान काढतं का? द्रौपदीने काढलं. तिच्या पेल्यातून सुगंधाने एक घोट घ्यावा, एवढंच तिला हवं होतं. बाकी धंदा चालला तर चांगलंच होतं.

कोपऱ्यावरचा सायकलवाल्याने सोडलेला गाळा तिने भाड्याने घेतला. भीमराजने पाटी रंगवली, बाकं ठोकली. फोटो आत पडद्यामागे लावू का, असं त्याने हळूच विचारलं. "समोर लाव," ती म्हणाली. "फोटो लपवून मला कॉफी विकायची नाही."

उद्घाटनाच्या दिवशी सुगंधा सगळ्यांच्या आधी हजर. तिने गाळा झाडला, उंबऱ्याशी रांगोळी घातली, तोरण बांधलं. येताना नारळ आणला होता. पण इथे मेणबत्ती लागली आणि भीमराजने हात जोडून त्रिशरण म्हटलं, तेव्हा नारळाचं काय करायचं ते तिला कळेना. क्षणभर तो तसाच हातात धरून उभी राहिली, मग फळीवर ठेवून म्हणाली, "ऱ्हवांदे. चटणी कर." सगळे हसले. द्रौपदीला तिचा इतका लोभ वाटला की पहिला पेला तिने काठोकाठ भरला.

वर जाड फेस, खाली तपकिरी कॉफी. तिने पेला वाटीत ठेवून सुगंधापुढे धरला. "पहिली तुझी."

सुगंधाने पेल्याकडे पाहिलं. "कॉफी? माका कशाक गो कॉफी? मी काय आजारी आसंय?"

वाट लागली! द्रौपदीने सगळा विचार केला होता, एवढाच केला नव्हता. तिच्या कँटीनमध्ये कॉफी म्हणजे रोजचं पेय. पण भटवाडीतल्या घरांत कॉफी औषधाच्या डब्यात असायची. सर्दीला जायफळ घालून, पोट बिघडलं की दुधाशिवाय लिंबू पिळून. धडधाकट माणसाला कॉफी देणं म्हणजे त्याला काढा पाजण्यासारखं. पळवाट बुजवायला निघालेल्या द्रौपदीने स्वतःच्या हाताने दुसरी पाडून ठेवली होती.

तो पेला भीमराजने प्यायला.

पुढचे दिवस गमतीचेच गेले. चाळीतला काशीराम बाकावर बसून कॉफी पिताना दिसला, तर संध्याकाळपर्यंत चारजण त्याच्या घरी पोटाची चौकशी करून गेले. त्याची बायको विमला रडकुंडीला आली. पण काशीराम दुसऱ्या दिवशी परत आला आणि मोठ्याने म्हणाला, "आजारीबिजारी काय नाय रे! झकास लागते!" मग डेपोतली माणसं यायला लागली, कॉलेजची पोरं यायला लागली. सहदेव ड्यूटीवर जाताना थांबायचा आणि कुणाला सांगू नको म्हणून डोळा मारायचा. पुरुषांचं काय, ते हॉटेलात कुठेही पितात. धंदा चालला. द्रौपदीला आनंद झाला, नाही असं नाही. पण संध्याकाळी गाळा बंद करताना फळीवरचा नारळ दिसायचा. त्याची चटणी तिने केली नव्हती.

आणि एका सकाळी उकळतं पाणी फिल्टरमध्ये ओतताना तिच्या उजव्या हातावर सांडलं.

डॉक्टरने हात बांधला. भीमराजची डेपोत पहिली पाळी. गिऱ्हाइकं बाकावर बसलेली. सुगंधाने एक शब्द न विचारता पदर खोचला आणि चुलीपुढे उभी राहिली. "तू बस थंयसर. तोंडान सांग, हात माझे."

द्रौपदी स्टुलावर बसून सांगत गेली. पावडर दाबून भर, पाणी हळू सोड, दूध वरून ओत. सुगंधा सरसर शिकली. पोरं म्हणाली, "मावशी, एक नंबर!" सुगंधा खुशीत आली. द्रौपदी तिच्याकडे पाहत होती. माझी भांडी, माझा फिल्टर, माझं दूध, आणि हिचे हात. अजून तिने स्वतः एक थेंब चाखला नव्हता. चव बघ म्हटलं तर "पोरां सांगतत मा बरी झाली म्हणून," असं म्हणून मोकळी.

अकराच्या सुमाराला सुगंधाची मोठी जाऊ रत्नप्रभा मुलुंडहून आली. घराला कुलूप दिसलं म्हणून विचारत विचारत इथे पोचली होती. उन्हाने लाल झालेली, ओठ सुकलेले.

"येवा येवा वयनी! बसा. माझ्या हातची कॉफी घेवा," सुगंधाने कौतुकाने पेला भरला.

रत्नप्रभेची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. मग द्रौपदीवर, मग पेल्यावर. ती हसली, अगदी गोड हसली.

"नको गो, आत्ताच झाली चाय माझी."

मुलुंडहून उन्हातान्हात आलेल्या बाईचा चहा आत्ताच कुठे झाला? सुगंधाचा हात पुढे होता तसाच राहिला.

"अहो, पण मी केलंय," ती म्हणाली. "तिणां हात लावूक नाय. माझ्या हातची आसा वयनी."



इतकी वर्षं दोघींच्या मध्ये जे कुणी उच्चारलं नव्हतं ते तिच्याच तोंडून, भर दुकानात, बाहेर पडलं होतं. द्रौपदीने मान खाली घातली. तिला राग आला. खूप राग आला, आणि रडूही. बांधलेला हात तिने मांडीत दाबून धरला. सुगंधाने पेला खाली ठेवला. द्रौपदीकडे तिने पाहिलं नाही. रत्नप्रभा घाम पुसत म्हणाली, "चल गो घराक, थंय पाणी तरी पियाक मिळात." सुगंधाने कमरेची चावी काढून तिच्या हातात दिली. "तुम्ही जावा. गिऱ्हाईक आसा." मग दुपारपर्यंत ती दुकानात उभी राहिली. पोरांनी एक नंबर म्हटलं तरी हसली नाही.

त्या रात्री भिंतीपलीकडून नेहमीसारखी हाक आली नाही. द्रौपदी भीमराजला म्हणाली, "संपलं बहुतेक." त्याला काय संपलं ते कळलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. घोट घोट करता करता मैत्रीण घालवली, असं तिला वाटत राहिलं. दुकान काढायची अवदसा आठवली नसती तर निदान कुर्ल्यांचं सार तरी आलं असतं.

सकाळी ती डाव्या हाताने दार उघडते तो समोर सुगंधा. केस सुटलेले, डोळे सुजलेले. उंबऱ्याशी थांबली नाही. सरळ आत आली आणि स्टोव्हजवळ पाट ओढून बसली.

"आज माझी चाय झाली नाय," ती म्हणाली.

द्रौपदीने गाळ्याची चावी उचलली. "चल मग, दुकान उघडते. कॉफी..."

"कॉफी नको. चाय टाक. तुझ्या हातची."

"हात हा असा."

"तो डावो आसा मा?"

द्रौपदीने डाव्या हाताने स्टोव्ह पेटवला. पाणी सांडलं, चहापूड सांडली, साखर किती पडली ते तिला दिसलंच नाही, कारण डोळे भरून आले होते. सुगंधा बसल्या जागेवरून हलली नाही. मदतही केली नाही, जन्मात पहिल्यांदा. दूध उतू गेलं तरी उठली नाही. हे दुसरीने करायचं होतं आणि आपण घ्यायचं होतं, हे तिला बरोबर समजलं होतं.

कप पुढे आला. सुगंधाने बशीत ओतला, फुंकर घातली, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग कपाच्या तळाशी राहिलेली साखर बोटाने पुसून चाटली आणि पदराने तोंड पुसलं.

"लय गोड करतंस गो," ती म्हणाली. "उद्यापासून साखर कमी घाल."