आठ, दहा, बारा

“आज वार कोणता, मास्तर?” डॉक्टरनं विचारलं.

“निवृत्त माणसाला वार विचारू नये. त्याला सगळेच रविवार,” असं म्हणून मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. लेक हसली नाही. गेल्या आठवड्यात बाबा गॅस चालू ठेवून फिरायला गेले, तेव्हापासून तिचं हसणं जरा कमीच झालं होतं. आजची तपासणी जमली तर स्वतःच्या घरी एकटं राहायचं, नाहीतर मुकाट्यानं लेकीकडे, असा तह ठरला होता.

मास्तर तसे मास्तर नव्हतेच. मेडिकल कॉलेजात शवविच्छेदनाच्या हॉलचे अटेंडंट. टेबलं धुणं हे त्यांचं काम. पण तेहतीस वर्षं तीच लेक्चरं कानावर पडली, तर टेबलंसुद्धा पास झाली असती. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला तीन मोठी भोकं. कुठलं कोणत्या मणक्यापाशी, हे पोरांच्या डोक्यात काही टिकेना. मग मास्तरांनी आपलं घरच सांगून टाकलं: “आठला निळी घरी येते, दहाला जेवण, बाराला थोरला बाहेर पडतो.” आठव्या मणक्यापाशी हृदयाकडे परतणारी निळी शीर, दहाव्यापाशी अन्ननलिका, बाराव्यापाशी हृदयातून निघालेली महाधमनी.

घरातला थोरला म्हणजे मास्तरांचा मोठा भाऊ, दुपारपाळीला जाणारा. निळी म्हणजे बायको, रात्रपाळी करून निळ्या गणवेशात परतणारी नर्स. “माझं येणं-जाणं आता परीक्षेत विचारतात म्हणे,” ती कुरकुरायची, आणि वाढताना तूप जरा जास्त सोडायची. तिच्या येण्या-जाण्यावर निम्म्या शहराचे डॉक्टर पास झाले. समोरचा हाही त्यातलाच.

“आता एक घड्याळ काढा,” तो म्हणाला. “सगळे आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.”

मास्तरांनी सुबक वर्तुळ काढलं. आठ, दहा, बारा लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

“बाकीचे आकडे, बाबा?”

“बाकीचं परीक्षेला येत नाही.”

डॉक्टर हसला, पण ते हसू अर्ध्यातच विरलं. “आणि काटे, मास्तर?”

मास्तरांनी एकच काटा काढला, आठवर. मग बंद दाराकडे बघत राहिले.

“आज उशीर झाला हिला.”

लेकीनं पर्स उगाचच उघडली, मिटली. आईला जाऊन चार वर्षं झाली, हे या महिन्यात तिनं तीनदा सांगून पाहिलं होतं.

डॉक्टरनं कागद फायलीत ठेवला. निकाल वाचून दाखवायची गरज नव्हती. तो उठला आणि त्यानं खोलीचं दार सताड उघडून ठेवलं.