बाळासोचा मुक्काम गोठ्यात

आकारामच्या पोराचं, सम्राटचं, लग्न होऊन क्रांती सून म्हणून घरात आली, ते साल दोन हजार सात. त्याच वर्षी श्रावणात एका दुपारी तिनं सासऱ्याला आपल्या दुकानात बोलावून घेतलं. पत्रिका, बिलबुकं छापून देण्याचं आणि इंटरनेटचं ते दुकान चौकातच होतं. तिनं आकारामला खुर्चीवर बसवलं आणि कॉम्प्युटर त्याच्याकडं वळवला.

"मामा, वाचा."

आकारामनं चष्मा पुसला. वाचायला त्याला वेळ लागे. ओठ हलवत तो पहिल्या ओळीच्या शेवटापर्यंत गेला आणि थबकला.

"हे माझं हाय. सकाळी फळ्यावर लिवलेलं."

"तुमचंच."

"मग हितं कुणी आणलं?"

"मीच की. पुण्याच्या काही पोरांनी नवीन काढलंय, 'आपलं पान' म्हणून. ज्याला पायजे त्यानं आपलं पान उघडायचं, मराठीत लिवायचं. फुकट हाय. जगात कुठनंबी वाचता येतंय. तुमच्या नावानं मी एक उघडलंय."

वर ठळक अक्षरात होतं, 'आकाराम चौगुलेंचा फळा'.

आकाराम बराच वेळ आपल्या नावाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आन् सांजचं कोण पुसतंय?"

क्रांती हसली. "पुसायचं कशाला? ते लोक सांभाळत्यात. कायम राहतंय, मामा. तीच तर गंमत हाय."

कसबा बावड्यातल्या त्या गल्लीच्या तोंडाला, तालमीच्या भिंतीवर, एक काळा फळा होता. आकारामचं निम्मं आयुष्य साखर कारखान्यात उसाच्या मोळ्या ओढण्यात गेलं. चाळिशी उलटल्यावर कारखान्यातल्या प्रौढांच्या वर्गात तो अक्षरं शिकला आणि शिकलेलं मोडू नये म्हणून तालमीचा फळा लिहायचं काम त्यानं मागून घेतलं. पाणी कधी येणार, कोण वारलं, रक्षाविसर्जन किती वाजता, कुणाचं रेडकू चुकलंय. आणि सगळ्यात खाली एक ओळ टोमण्याची. लोक थांबत ते ह्या ओळीसाठी. ज्याच्या नावानं ओळ पडे, तो दिवसभर आकारामला शिव्या घालत फिरे आणि चमनच्या गाड्यावर त्याला सगळ्यांना चहा पाजावा लागे. दिवे लागले की आकाराम ओलं फडकं घेऊन फळा पुसे. एकदा पुसल्यावर त्या ओळीचं नाव कुणी काढायचं नाही, हा तालमीचा दंडक होता. आजवर तो कुणी मोडला नव्हता.

'आपलं पान' निघालं तेव्हा चार लोकांत त्याची बरीच चर्चा झाली. पेपरात आलं की मराठी माणसाला आता हक्काची जागा मिळाली, लिहिलेलं कधी वाया जाणार नाही. एका प्राध्यापकानं उलट लिहिलं की उद्या कोणीही काहीही लिहील, तपासणार कोण. चमननं तो पेपर गाड्यावर भजी बांधायला घेतला, पण बांधायच्या आधी सगळा वाचून काढला.

"काय आकाराम," तो ओरडला, "तू मस्कतला जाऊन पोचलास म्हणं. माझा च्या काय अजून चौकातनं हालला न्हाई."

मस्कतचं खरं होतं. गल्लीतलाच एक पोरगा तिकडं नोकरीला होता. त्यानं पानाखाली लिहिलं होतं, 'आज तालमीपुढं उभा राहिल्यासारखं वाटलं.' पुण्याच्या एका बाईंना मातीचा वास आला होता. कुणी म्हणालं होतं, ही कसली गावंढळ भाषा, मराठीची लाज काढता. त्याला तिसऱ्यानंच शिव्या दिल्या होत्या. क्रांती रोज सांजेला हे सगळं वाचून दाखवी आणि आकाराम मान खाली घालून ऐके. कारखान्यात त्याला कधी कुणी 'काय म्हणालास?' असं दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

बाळासोला मात्र हे पटलं नाही. बाळासो पोवार आकारामचा लहानपणापासूनचा दोस्त. चार म्हशी होत्या त्याच्या. रोज सांजेला त्या तो चौकातल्या दूध कट्ट्यावर आणी आणि गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार काढून देई.

"आकाऱ्या, ती परकी माणसं," तो म्हणाला. "त्यास्नी आमचं काय कळतंय रं?"

"तुझं काय जातंय? तू म्हशी बघ."

"बघतोय की. म्हशीला निदान माणूस वळखाय येतंय."

गणपती उठले आणि बाळासोची थोरली म्हैस व्यायला झाली. अडली होती. तिच्याजवळ बसून त्यानं रात्री काढल्या, जेवणसुद्धा गोठ्यातच. सगळ्या गल्लीला ते ठाऊक होतं, येणारा-जाणारा म्हशीची विचारपूस करून पुढं जाई. तेव्हा आकारामनं फळ्यावर ओळ टाकली, 'बायकोनं घेतलं नाही घरात, बाळासोचा मुक्काम गोठ्यात.'

गल्ली लोटपोट झाली. बाळासोची बायको पाण्याची घागर कमरेवर घेऊन फळ्यापुढं थांबली आणि म्हणाली, "मी कशाला हाकलू, भावजी? ती म्हैसच माझी सवत झालीया." बाळासोनं चहा पाजला, म्हशीला पारडी झाली म्हणून वर खरवस वाटला. सांजेला आकारामनं फळा पुसला.

क्रांतीनं ती ओळ दुपारीच पानावर चढवली होती.

पुण्याच्या पोरांना ती एवढी आवडली की त्यांनी ती आपल्या पहिल्या पानावर लावली. आणि मग लोकच लोक. बाळासो कोण? बाळासोचं पुढं काय झालं? बायकोनं घरात घेतलं का? बाळासोवर आणखी लिहा. कुठल्या कुठल्या गावची माणसं बाळासोला ओळखल्यासारखं बोलत होती.

फळ्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नव्हतं. आकाराम दुकानात क्रांतीच्या शेजारी बसून तोंडानं सांगू लागला. बाळासो पिऊन आला. बायकोनं ताटली फेकून मारली. बाळासो म्हशीच्या गळ्यात पडून रडला.

क्रांतीची बोटं थांबली. "मामा, हे खरंच झालतं?"

"झालं असतं की," आकाराम म्हणाला. "लिव तू."

तिनं लिहिलं. बाळासो इंटरनेट बघत नव्हता आणि गल्लीतल्या ज्यांनी बघितलं, ते त्याला ओळखत होते. ते हसले आणि विसरले.

बाळासोची मुलगी अनुजा त्या वर्षी बी. कॉम. झाली होती. इचलकरंजीचं स्थळ आलं, माणसं चांगली होती, घरचे यंत्रमाग होते. मुलाला मुलगी आवडली होती, मुलीला मुलगा. तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा, असं बोलणं होऊन बसलं होतं. तेवढ्यात एका दुपारी मुलाचा चुलता एकटाच आला. त्यानं चहा घेतला नाही. खिशातून घडी केलेले कागद काढले आणि बाळासोच्या पुढ्यात ठेवले. त्याचा भाचा बंगळूरला असतो, त्यानं ते कॉम्प्युटरवरनं छापून पाठवले होते.

बाळासोनं सगळं वाचलं. एक-एक ओळ.

"म्हैस व्यायला झालती," तो म्हणाला. "म्हणून मी गोठ्यात होतो."

"ते तुमी म्हणालाय, पोवार. हितं तर दारू हाय, मारामारी हाय. सगळं जग वाचालंय."

"मी पीत न्हाई."

"असंल की. पोरगीला आमी नाव ठेवत न्हाई." चुलता उठला. "पर आमच्यात बी चार माणसं इचारत्यात."

सांजेला अनुजा क्रांतीच्या दुकानात आली. कॉम्प्युटरपुढं बसली आणि पानाखाली लिहिलं, 'मी बाळासो पोवारांची मुलगी. माझे वडील दारू पीत नाहीत. आमच्या घरात कुणी कुणावर हात उगारत नाही. त्या रात्री म्हैस अडली होती.' आकाराम दाराशी उभा होता.

उत्तरं लगेच आली. 'हाहाहा, आता बाळासोची पोरगीपण आली!' 'आकारामराव, नवं पात्र झकास.' 'म्हशीचीही बाजू येऊ द्या.'

अनुजानं ती वाचली आणि क्रांतीकडं वळली. "वहिनी, ह्यास्नी कसं सांगायचं मी खरी हाय म्हणून?"

अनुजा उठली आणि दारातून आकारामच्या अंगावरनं, त्याच्याकडं न बघता, निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं आकाराम इचलकरंजीला गेला. मागांच्या खडखडाटात त्या चुलत्यापुढं उभा राहून त्याला ओरडूनच बोलावं लागलं. "ते सगळं मी रचलंय! बाळासो देवमाणूस हाय! लेकीची शपथ घेतो, पर लेक न्हाई मला. पोराची घेतो!"

चुलत्यानं त्याला बाहेर आणलं, बसायला खुर्ची दिली.

"काका, तुमीच लिवलं. आता तुमीच खोटं म्हणालाय. तुमचं खरं कवाचं धरायचं आमी?"

आकाराम परत आला तो थेट दुकानात. "क्रांती, पुस. सगळं पुस."

तिनं बाळासोचं सगळं काढून टाकलं. पुण्याच्या पोरांना कळवलं, त्यांनीही मुकाट्यानं काढलं. पण तोवर लोकांनी ते आपापल्या पानांवर उतरवून घेतलं होतं, ईमेलनं एकमेकांना पाठवलं होतं. एकानं तर खाली आपलंच नाव घातलं होतं. क्रांती एकेकाला लिहीत राहिली. कुणी काढलं, कुणी उत्तरच दिलं नाही.

"अजून हाय?" आकाराम रोज विचारी.

"हाय, मामा."

चार दिवसांनी तो कट्ट्यावर गेला. गर्दी होती. बाळासो उकिडवा बसून धार काढत होता. आकाराम आपली पाळी येईपर्यंत उभा राहिला. इतक्या वर्षांत त्या कट्ट्यावर तो कधी रांगेत उभा राहिला नव्हता, जाऊन बाळासोच्या पाठीवर थाप मारायची आणि भरलेला ग्लास उचलायचा, एवढंच त्याला माहीत.

"बाळ्या," तो म्हणाला.

बाळासोनं वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. रोज शेकडो अनोळखी माणसं त्या कट्ट्यावर येत, त्यांच्याकडं बघावं तसं बघितलं.

"बोला पावणं. मोठा गलास देऊ का ल्हान?"

आकारामनं लहान ग्लास घेतला. दूध गरम होतं, फेसाळ होतं. सगळं प्यायला त्याला फार वेळ लागला. बाळासोनं पैसे मोजून घेतले, सुट्टे परत दिले आणि मागच्या माणसाला म्हणाला, "या, म्होरं या."

त्यानंतर आकारामनं फळ्यावरची शेवटची ओळ बंद केली. लोक काही दिवस विचारत राहिले, मग सवय झाली. पानावरही नवीन काही गेलं नाही. अनुजाचं लग्न लांबलं, पण झालं, गारगोटीच्या एका शिक्षकाशी. मांडवात आकारामला आमंत्रण होतं, सगळ्या गल्लीला होतं तसं. बाळासोनं त्याला हात जोडून पंगतीला बसवलं, "सावकाश होऊ द्या पावणं" म्हणाला आणि पुढच्या पानाकडं गेला. त्या दोघांत पुढं जे काही बोलणं झालं, ते ह्याच भाषेत झालं.

बाळासोला छातीचं दुखणं लागलं आणि एका थंडीत तो गेला. आकारामनं तालमीच्या फळ्यावर नाव लिहिलं, वेळ लिहिली. रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर तो सगळ्यांच्या मागं उभा होता. माणसं पांगल्यावर अनुजा पोराला कडेवर घेऊन त्याच्याकडं आली.

"काका, एक काम करा."

"सांग, बाळ."

"त्या तुमच्या पानावर लिवा. आप्पा गेले म्हणून."

"आता तिथं..."

"दुसऱ्यांच्या पानांवर आप्पा अजून पिऊन गोठ्यात पडल्यात. लोक अजून हसत्यात. दुसरं काय लिवू नका, रडगाणं नको, माफी नको. माणूस गेला म्हटल्यावर तरी हसायचं थांबवतील."

तिनं पोराचं टोपरं सारखं केलं आणि ती आईकडं गेली.

आकाराम घरी आंघोळ करून दुकानात आला. क्रांती लिहायला सरसावली, तर त्यानं तिला उठवलं. स्वतः खुर्चीवर बसला. एका बोटानं एक-एक अक्षर शोधत त्यानं लिहिलं. ओळभर मजकूर, पण क्रांतीनं मधे दोन गिऱ्हाइकांची कामं उरकली तरी त्याचं संपलं नव्हतं. लिहून झाल्यावर ते कसं पाठवायचं तेवढं त्यानं विचारलं.

मग तो उत्तराची वाट बघत बसला. त्या सांजेला काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. 'आपलं पान'वर आता फारसं कुणी येत नव्हतं, लोकांना दुसरं काही नवीन मिळालं होतं. मस्कतचा पोरगा, पुण्याच्या बाई, बाळासोचं पुढं काय झालं म्हणून विचारणारे ते सगळे कधीच उठून गेले होते. आकाराम आठवडाभर रोज दुकानात येऊन त्या ओळीखालची मोकळी जागा बघून जाई.

ती ओळ अजून तिथं आहे.

कसबा बावड्याचे बाळासो दत्तू पोवार दोन हजार बारा साली, जानेवारीच्या नऊ तारखेला, सोमवारी पहाटे वारले.