खतही तोललं, टोमॅटोही

मी तराजू बोलतोय. लोखंडाची दांडी, पितळेची दोन पारडी आणि मधोमध काटा, एवढाच माझा संसार. कारखान्यात घडलो, घासूनपुसून चकचकीत झालो आणि तिथून थेट एका भाजीवाल्याच्या गाळ्यात आलो.

भाजीवाला मोठा मायाळू. वजन पुरं झालं तरी वरून एखादी शेंग, एखादं फळ टाकल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. बायको करवादायची, "दुकान मांडलंय की दानधर्म?" पण ते पालथ्या घड्यावर पाणी!

पुढे त्याच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि गाळा बंद झाला. मी माळ्यावर धूळ खात पडलो. तिथून मला त्याच्या लेकीनं खाली काढलं. ती शेती संशोधन केंद्रात होती आणि केंद्राचा काटा कायम दुरुस्तीला गेलेला असायचा. तिनं मला तपासून घेतलं, खात्री झाल्यावर वाफ्यांवर नेलं.

आसपासचे टोमॅटोवाले तेव्हा खत नुसतं ओतत होते. झाडं हिरवीगार व्हायची, फळं मात्र मोजकीच धरायची. मग ते आणखी ओतायचे. लेकीनं ठरवलं, किती खत लागतं हे झाडालाच विचारायचं. एक जात बुटकी, एक उंच वाढणारी. दोन्हींच्या वाफ्यांवर शिफारशीच्या मापानं पाट्या लागल्या: बिनखत, निम्मं, पूर्ण, दुप्पट. प्रत्येक वाफ्याचं खत माझ्या पारड्यातून जायचं. खतानं पितळ हिरवट पडलं, पण मी कुरकुरलो नाही.

बाबा, म्हणजे तोच आपला भाजीवाला, गुडघे सांभाळत रोज पाणी द्यायला यायचे. बिनखत वाफ्यांपाशी आले की त्यांचं पाऊल अडायचं. पानं पिवळी, काड्या किडकिडीत.

"पोरी, उपाशी लेकरांसारखी दिसतात गं."

"राहू देत उपाशी, बाबा. खतानं काय फरक पडतो, ते यांच्याकडे बघूनच कळणार."

एके दुपारी ती केंद्राच्या बैठकीला गेली. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं, खत तोललं आणि सगळ्या बिनखत वाफ्यांत टाकून पाणी सोडलं.

आठवड्याभरात पिवळी पानं काळपट हिरवी झाली. लेकीनं वाफ्यापाशी वाकून एक पान उलटून पाहिलं. मग वळून म्हणाली, "बाबा?"

"मीच घातलं. बघवेना मला."

ती तिथेच बांधावर बसली. "अहो, सगळा हंगाम पाण्यात गेला."

केंद्राच्या साहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, कुणाला कळणार आहे? आकडे जरा सावरून घ्या."

"लोक त्या आकड्यांवर शेतं उभी करणार, साहेब. मी परत लावते."

"वर्ष जाईल."

"जाऊ दे."

तिनं झाडं उपटली, जुन्या मातीत खत मुरलेलं म्हणून केंद्रातलीच दुसरी जमीन घेतली, नवी रोपं केली. बाबा दोन दिवस तोंड चुकवत होते. तिसऱ्या दिवशी कुदळ घेऊन हजर! "वाफे मी करतो. खताला मात्र मला हात लावू देऊ नकोस." पिवळ्या झाडांपाशी त्यांचं पाऊल अजून अडायचं, पण ते तसेच पुढे सरकून पाण्याची पाळी पुरी करायचे. एकदा एक शेजारी दयेनं मूठभर खत घेऊन आला, तर बाबाच त्याच्यावर खेकसले, "मागं हो! एकदा मी शहाणपणा केलाय, तेवढा पुरे."

तोडणी सुरू झाली आणि माझी खरी कसोटी लागली. बुटकीनं निम्म्या खतातच सगळ्यात जास्त फळ दिलं. त्यापुढे तिची नुसती पानं माजली. उंच जात पूर्ण खतावर खूश होती. दुप्पट खतात मात्र दोघींचीही फळं कमी आणि उशिरा आली. बिनखत वाफ्यांची टोपली सगळ्यात हलकी.

टोमॅटोवाल्यांच्या सभेत एक जण हसला, "म्हणजे कमी घाला म्हणता? आमचं पीक तुम्ही भरून देणार?"

लेक तोंड उघडणार, तोच बाबा उठले. "कमी नाही. जिला जेवढं पचतं तेवढं. मलाही तुमच्यासारखंच वाटत होतं. त्यापायी हिचं एक वर्ष मातीत घातलं मी." हसणारा दुसऱ्या दिवशी एका वाफ्यापुरतं निम्मं खत तोलून घ्यायला आला.

आता केंद्रात बॅटरीवरचा काटा आलाय. फळं त्याच्यावर जातात, खत अजून माझ्याकडे. पारड्यांना खड्डे पडलेत, साखळीची एक कडी तारेनं बांधलीय. पण दांडी सरळ आहे आणि काटा खोटं बोलत नाही. यंदा तिसरी जात आलीय, विकणारा म्हणतो, "भरपूर खायला घाला." लेक म्हणाली, "आधी लावून बघू." वाफे तयार आहेत. तुमच्या हातातली ती खताची मूठ तेवढी माझ्या पारड्यात टाका. आधी तोलू या, मग पेरू या.