नाक खाजवणारे आणि न खाजवणारे

सासरेबुवा निवृत्त तिकीट तपासनीस होते. खोटं बोलणारा माणूस नाक खाजवतो, या एका हेरलेल्या गोष्टीवर आपण जन्मभर फुकटे प्रवासी पकडले, असं ते रोज जेवताना ऐकवायचे. सून मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होती. एकदा तिने विचारलंच, "बाबा, आणि निसटले किती?"

"एकही नाही!"

"पण निसटलेला तुम्हाला कळणार कसा?"

सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "घे माझी परीक्षा!" ते गरजले.

मग नवरा आणि सासूबाई आधी सुनेच्या कानात खरं की खोटं ते सांगून एकेक विधान करू लागले. सासरे नाकं निरखून निकाल देत होते. सून प्रत्येक वेळी नाणं उडवत होती, छापा म्हणजे खरं, काटा म्हणजे खोटं. शेवटी नाणं जिंकलं.

"पोराला सर्दी झालीय, म्हणून घोळ झाला," सासरे फणकारले. "बायकोचं खोटं मात्र मी झोपेतही ओळखीन. बोल गं काहीतरी!"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुमचं गाणं मला फार आवडतं."

"खरं! शंभर टक्के खरं!"

मुलाला जोरदार ठसका लागला. सून पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाली. सासरे बायकोच्या नाकाकडे बघत राहिले. त्याला एकदाही बोट लागलं नव्हतं.

"कधीपासून?" त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

"साखरपुड्यापासून," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांना आणखी भात वाढला.