अपघातातली सीट

दादा चाचणी प्रयोगशाळेत कामाला होता. हेल्मेट उंचावरून आपटायची, लहान मुलांच्या कारसीट बाहुलीसकट धडकवायच्या, टिकल्या तरच प्रमाणपत्रावर सही करायची. त्याच्या नजरेतून फारसं काही सुटायचं नाही. मेहुणे त्याला गमतीने 'नापासकर' म्हणायचे.

धाकट्या बहिणीने भाचीसाठी सीट सुचवायला सांगितली, तेव्हा त्याने आपल्या मुलाची जुनीच देऊन टाकली. आदल्या वर्षी त्याच्या गाडीला मागून जोरात धडक बसली होती, तेव्हा ही सीट गाडीत होती. मुलगा तेवढा तिच्यात नव्हता. अपघातातली सीट पुन्हा वापरायची नाही, हे तो स्वतःच नव्या लोकांना शिकवायचा. पण दिसायला ती ठणठणीत होती, टाकवेना. त्याने कापड धुतलं आणि बहिणीला काहीच सांगितलं नाही.

सात महिन्यांनी प्रयोगशाळेत कुणीतरी अशीच अपघातातून गेलेली एक सीट चाचणीला आणली. वरून चकचकीत. धडकेसरशी ती बुडापासून फुटली आणि बाहुली पुढे फेकली गेली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून दादाने बहिणीचं घर गाठलं.

"ती सीट कंपनीने परत मागवलीय," तो दारातूनच म्हणाला.

"अगबाई. सकाळीच शेजारणीला सांगत होते, आमच्या दादाने तपासलेली आहे म्हणून."

त्याची मान खाली गेली. "कुणी मागवलेली नाही. ती अपघातातली आहे."

भाचीच्या कपड्यांच्या घड्या घालणारे तिचे हात थांबले. "देताना माहीत होतं तुला?"

"हो."

ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिने गाडीची किल्ली पुढे केली. "काढ ती."

त्याने सीट काढून उलटी केली. पट्ट्याच्या खाचेजवळ नखाएवढी चीर होती. लपवता आली असती, त्याने दाखवली. तिने चिरेवरून बोट फिरवलं आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो नवी सीट घेऊन आला. बसवायला वाकला, तर ती म्हणाली, "राहू दे. मला वाचता येतं." पुस्तिका घेऊन तीच गाडीत शिरली.

रिकामं खोकं धरून दादा बाहेर उभा राहिला. एक पट्टा चुकीच्या खाचेतून जात होता.

"तो डावा पट्टा," शेवटी तो पुटपुटला.

"दिसलं मला," ती म्हणाली, आणि पट्टा सोडवून तिने पुस्तिकेचं पहिलं पान पुन्हा उघडलं.