चौथी जागा

"दिलीप, तू या डावात जाणार का पुढच्या, ते सांग. म्हणजे मी चहा मागवतो," एकनाथराव म्हणाले, आणि टेबलाभोवती हशा पिकला.

गोदामातला दिलीपही हसला. त्याच्यापुढे तीनच चिप्स उरल्या होत्या. "मैं नै जाता साब. मेरेकू विमान में बैठना है."

आबिड्समधल्या त्या औषधवितरण कंपनीच्या वरच्या मजल्यावर रविवारी दुपारी पाचच जण खेळात उरले होते. दरवर्षीच्या कॅरम आणि बुद्धिबळाच्या जोडीला यंदा कंपनीने पोकरची स्पर्धा ठेवली होती. पैशांचा संबंध नव्हता, नुसत्या प्लास्टिकच्या चिप्स. त्या संपल्या की माणूस बाहेर. पण पहिल्या चौघांना कंपनी विमानाने गोव्याला पाठवणार होती, सगळ्या शाखांच्या स्पर्धेला. कर्मचाऱ्यांच्या नवऱ्याबायकोलाही खेळायची मुभा होती. म्हणून बिलिंगमधल्या धम्मानंदच्या उजव्या हाताला त्याची बायको गीता बसली होती.

आता एकानेच बाहेर पडायचं होतं. शाखाप्रमुख एकनाथराव आणि अकाउंट्समधली प्रियदर्शिनी यांच्यापुढे चिप्सच्या राशी होत्या, त्यांना काही भीती नव्हती. दिलीप तर गेल्यातच जमा होता. मधे हे दोघं नवराबायको, बेताच्या चिप्स घेऊन. गीताकडे नवऱ्यापेक्षा एक चिप कमी होती.

हा खेळ गीताला धम्मानंदनेच शिकवला होता. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तो शिकला आणि ती भाकरी थापत असताना तिला सांगत राहिला. "चिप्स कमी असल्या की वाट बघत झिजायचं नाही. बरी वेळ बघून आपणच सगळ्या पुढे सारायच्या. समोरचा भितो, पत्ते टाकून डाव सोडतो. पण दुसऱ्याने सारल्या तर आपण त्याला भिडायला जायचं नाही. बक्षिसाच्या तोंडाशी तर मुळीच नाही. आपल्याहून दुबळा कोणी असला, की त्याला आधी जाऊ द्यायचं."

ती नुसतं हं हं करायची. पण आज दुपारी तिने तीनदा सगळ्या चिप्स पुढे सारल्या आणि तिन्ही वेळा समोरच्यांनी पत्ते टाकले. हातात काय होतं ते तिला एकदाही दाखवावं लागलं नाही.

"वहिनी, कुठं शिकलात हो?" प्रियदर्शिनीने विचारलं होतं.

"यांनीच शिकवलं," गीता म्हणाली.

"मग धम्मानंद, तुम्ही स्वतः का नाही असं खेळत?" एकनाथराव म्हणाले. ते थट्टेत बोलले होते. धम्मानंदही हसला, पण ते वाक्य त्याला सलत राहिलं.

पोस्टाच्या परीक्षेच्या वेळीही असंच झालं होतं. पुस्तकं त्याची होती, गणितं त्यानेच तिला समजावली होती. दोघं एकाच वर्षी परीक्षेला बसले. ती पास झाली. तो दुसऱ्यांदा नापास झाला. आता ती पोस्टाच्या खिडकीत बसायची आणि गल्लीतले लोक त्याला 'गीता मॅडमचे मिस्टर' म्हणायचे. तो तिला कधी वाकडा शब्द बोलला नव्हता. तिच्या पहिल्या पगाराचे पेढे त्यानेच वाटले होते. वाटताना त्याचा चेहरा कसा झाला होता, ते तिलाच ठाऊक.

नवीन डाव वाटला गेला. या वेळी पत्ते बघण्याआधीच सक्तीने चिप्स टाकायची पाळी गीता आणि धम्मानंदवर होती. दिलीप, प्रियदर्शिनी आणि एकनाथराव, तिघांनीही पत्ते टाकून दिले. उरले हे दोघंच.

गीताने पत्त्यांचे कोपरे उचलून पाहिले आणि सगळ्या चिप्स पुढे सारल्या.

"मियां-बीवी का मामला है," दिलीप पुटपुटला.

धम्मानंदने आपले पत्ते पाहिले. एक्का आणि पंजा. वाईट नव्हते, पण भिडण्यासारखेही नव्हते. हरला तर त्याच्याकडे एकच चिप उरणार होती, दिलीपहूनही कमी, आणि गोवा हातचा जाणार होता. पत्ते टाकले तर दोन-तीन डावांत दिलीप बाहेर पडला असता आणि नवराबायको एकाच विमानात बसली असती. हे सगळं त्याला स्वच्छ दिसत होतं. गीतालाही ते दिसत होतं, म्हणूनच ती निवांत बसली होती. तिचा तो निवांतपणाच त्याला सोसवेना. याला माझ्यापुढे पत्ते टाकावेच लागणार, हे ती धरून चालली होती. आणि मग पुन्हा ती पुढे, आपण मागे.

"कॉल," तो म्हणाला आणि त्याने आपल्याही चिप्स पुढे सारल्या.

गीताने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग आपले पत्ते उलटे केले. गुलाम आणि अठ्ठी. टेबलावर एकामागून एक पाच पत्ते आले, पण कोणाचीच जोडी जमली नाही. एक्का मोठा ठरला.

गीताने आपल्या चिप्सची नीट चळत लावली आणि ती नवऱ्यापुढे सरकवली.

"भाभी, माफ करो," दिलीप हळूच म्हणाला. त्याची जागा आता पक्की झाली होती.

"धम्मानंद सर, दिलीपकडे तीनच चिप्स होत्या," प्रियदर्शिनी म्हणाली.

"एक्का होता ना माझ्याकडे," धम्मानंद म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा काही आनंद उरला नव्हता.

परतताना नारायणगुड्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली, तेव्हा मागून गीताने विचारलं, "माझ्या जागी प्रियदर्शिनी असती, तर टाकले असते ना तुम्ही पत्ते?"

हिरवा दिवा लागला. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"एक्का होता," तो म्हणाला.

"हौ," ती म्हणाली.

घरी पोचल्यावर जेवताना तो म्हणाला, "एकनाथरावांना सांगतो. माझ्याऐवजी तू जा."

"नक्को. तुमची जागा आहे ती." तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. "आणि मला रजा कुठं भेटायली?"

तिने त्याचे दोन शर्ट इस्त्री केले, बॅग भरून दिली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती रोजच्यासारखीच बोलत होती. फक्त रात्री त्याने नेहमीसारखे पत्ते काढले तेव्हा म्हणाली, "आज नको. डोकं दुखायलंय."

दुसऱ्या दिवशीही तिने तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याने पत्ते काढलेच नाहीत.

गोव्यात तो पहिल्याच टेबलावर हरला. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. हॉटेलच्या पायरीवर बसून त्याने घरी फोन लावला.

"हरलो," तो म्हणाला.

"जाऊ द्या. जेवलात का?"

"जेवलो."

मग तिने विचारलं, "विमान कसं होतं? खिडकी भेटली का?"

खिडकी मिळाली होती. कापसासारखे ढग, त्यांच्याखाली डोंगरांच्या रांगा, आणि उतरताना एकदम वळून पंखाखाली आलेला समुद्र. सबंध वाटभर त्याने काचेला कपाळ टेकवलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "मधली सीट होती. काहीच दिसलं नाही."

"अरे," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. "येताना तरी मागून घ्या की."